कॉफी-फास्टफूडच्या चेनवर महागाई अन् स्पर्धेचा नेमका काय परिणाम होतो? फ्रँचायझी चालवलेल्या माणसाचं उत्तर

प्रश्न असा आहे की एक कॉफी अडीचशे रुपयांना विकूनसुद्धा या चेन तोट्यात कशा जातात, महागाईने जातात की स्पर्धेने, अन् अशात लहान गावात एखादी फ्रँचायझी घ्यावी का. मी अमरावती जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडजवळ साडेतीन वर्षं चहाच्या एका चेनची फ्रँचायझी चालवली, २०२१ च्या सुरुवातीला घेतली अन् २०२४ च्या पावसाळ्यात बंद केली. चहा असो की कॉफी की बर्गर, चेन आतून कशी चालते ते सारखंच असते. ब्रँडचं नाव नाही घेत, तसे ब्रँड ढीगभर आहेत.

आधी एका कपाचा हिशोब सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. एक लिटर दूध अन् अर्धा लिटर पाणी, त्यात ८० मिलीचे साधारण १७ कप निघतात. बंद करायच्या वेळी दूध ६० रुपये, साखर साडेचार-पाच, चहापत्ती-मसाला १६, गॅस ५ अन् कागदी कप १२ रुपयांचे. म्हणजे कपामागे पावणेसहा रुपये खर्च. विकायचा १० ला, उरले सव्वाचार. सुरुवात केली तेव्हा दूध ४६ ला मिळायचं अन् बाकी सामानही स्वस्त होतं, तेव्हा साडेपाच उरायचे. सव्वा रुपया कमी झाला, ऐकायला काही वाटत नाही. पण दुकानाचं भाडं १२ हजार, दोन पोट्टे कामाला प्रत्येकी ९ हजार, लाइट बिल साडेतीन हजार, म्हणजे महिन्याला साडेतेहतीस हजार काही केलं तरी जाणारच. आधी ते भरून काढायला रोज २०० कप पुरायचे, नंतर २६० च्या वर लागायला लागले, अन् हे फक्त खर्च निघायला, माझ्या घरी एक रुपयाही न नेता. २०२३ च्या मार्चमध्ये तर कमर्शियल सिलिंडर एका दिवसात साडेतीनशे रुपयांनी वाढलं होतं, ते वेगळंच.

आता कोणी म्हणेल भाव वाढवायचा ना, १२ करायचा. इथेच स्पर्धा येते. माझं दुकान उघडल्यावर दीड वर्षात त्याच रस्त्यावर अजून दोन ब्रँडचे बोर्ड लागले, एकाने तर उद्घाटनाला पंधरा दिवस ५ रुपयात चहा दिला. अन् स्टँडच्या गेटवर एक जुनी कॅन्टीन आहे, काका-काकू दोघंच चालवतात, जागा स्वतःची, दूध घरच्या म्हशीचं, आलुबोंडा काकू स्वतः तळतात. त्यांना भाडं नाही, पगार नाही, ब्रँडचे पैसे नाही. ते ७ रुपयातही कट चहा देऊन घर चालवतात. मी कंपनीला फोन करून विचारलं की निदान विदर्भात तरी १२ चा बोर्ड लावू द्या, तर म्हणे सगळीकडे १० ची जाहिरात आहे, एकट्या तुम्हाला परवानगी देता येत नाही. पण चहापत्ती-मसाला मात्र त्यांच्याकडूनच घ्यायचा, ५२० रुपये किलो, तशीच पत्ती अमरावतीच्या ठोक दुकानात ३८० ला मिळत होती. म्हणजे विकायचा भाव त्यांच्या हातात, घ्यायचा भावही त्यांच्याच हातात, अन् मधला तोटा माझ्या. याचा मला आजही राग आहे.

मग त्यांनी तोडगा काढला तो कपाचा. नवीन कप आले ६० मिलीचे, दिसायला तेवढेच, बुडाकडे निमुळते. एक गुरुजी होते, रिटायर्ड, रोज सकाळी सातच्या गाडीच्या आधी यायचे. त्यांनी तो कप हातात घेतला, बोटावर थोडा फिरवून पाहिला, चहा प्याले, १० रुपये ठेवले अन् गेले. काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी समोर काकांच्या कॅन्टीनवर बसलेले दिसले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच.

मोठ्या चेनचंही असंच आहे फक्त आकडे कोटीत आहेत. कॉफीच्या बियांचा भाव वाढला हे खरंच आहे, २०२४ मध्ये ब्राझीलमध्ये अन् व्हिएतनाममध्ये दुष्काळ पडला, हे दोन देश मिळून जगाची निम्म्याहून जास्त कॉफी पिकवतात, त्यामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका जातीची कॉफी पौंडाला (साधारण ४५० ग्रॅमला) ४ डॉलरच्या वर गेली, एवढा भाव याआधी कधीच नव्हता. पण एका कपात भुकटी किती लागते, १८ ग्रॅम धरा. भाजलेली कॉफी किलोमागे ४०० रुपयांनी महागली तरी कपामागे सात-सव्वासात रुपये वाढतात. अडीचशेच्या कपात सात रुपये. मग बाकी जाते कुठे तर मॉलचं भाडं, एसी, पगार, अन् गिऱ्हाईक एक कॉफी घेऊन दोन तास लॅपटॉप उघडून बसते त्या खुर्चीचं भाडं. गिऱ्हाईक थोडं कमी झालं की हा खर्च कमी होत नाही, माझे साडेतेहतीस हजार कमी होत नव्हते तसाच.

टाटा स्टारबक्सचं बघा. २०१२ मध्ये मुंबईत पहिलं दुकान उघडलं, टाटांचं नाव, एवढा मोठा ब्रँड, तरी २०२४-२५ मध्ये १,२७७ कोटींची विक्री करून १३५ कोटींच्या वर तोटा. तिकडे ब्लू टोकाय, थर्ड वेव्ह असे नवीन लोक शहरात दुकानं उघडून राहिले, अन् स्टारबक्स पण दुकानं उघडणं थांबवू शकत नाही, कारण जागा सोडली की दुसरा बसतो. चीनमध्ये तर याहून वाईट झालं, लकिन नावाच्या तिथल्या कंपनीने २०२३ मध्ये ९.९ युआनला कॉफी विकायला काढली अन् त्याच वर्षी स्टारबक्सला विक्रीत मागे टाकलं, शेवटी २०२५ मध्ये स्टारबक्सने चीनच्या धंद्यातला ६० टक्के हिस्सा विकायचा करार केला. कॅफे कॉफी डे मात्र यात धरू नका. त्यांची दुकानं १,७०० च्या वरून साडेचारशेच्या आसपास आली, पण तिथे मुख्य मार कर्जाचा होता.

फास्टफूडवाले भाव वाढवायला किती घाबरतात त्याचं उदाहरण म्हणजे डॉमिनोजचा ४९ रुपयांचा पिझ्झा. २०२३ मध्ये सगळं महागलेलं असताना त्यांनी तो काढला. चीज महाग, मैदा महाग, अन् पिझ्झा ४९ ला. कमाईसाठी नाही, पोरं दुकानात यावी म्हणून, आली की कोल्ड्रिंक, गार्लिक ब्रेड घेतील म्हणून.

त्याच २०२३ च्या जुलैत टमाटर दोनशे रुपये किलोवर गेले तेव्हा मॅकडोनाल्डच्या बऱ्याच दुकानांनी बर्गरमधून टमाटरच काढून टाकले. भाव तोच, टमाटर गायब. माझ्या कपासारखंच झालं ना ते. अन् मला यात सगळ्यात जास्त लागते ती ही गोष्ट, की महिना-दीड महिन्यात भाव इतके पडले की शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर फेकला. आमच्या शेजारच्या भावानेही अर्धा एकर लावले होते, तोडणीची मजुरी निघत नव्हती, त्यांनी त्याच्यात बकऱ्या सोडल्या. बर्गर मात्र तेव्हा स्वस्त झाला नाही.

तेलाचंही तसंच. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क २० टक्क्यांनी वाढवलं, शेतकऱ्याच्या सोयाबीनला भाव मिळावा म्हणून. तेलाचा पिपा लगेच तीन-चारशे रुपयांनी चढला, काकूंच्या आलुबोंड्यापासून मोठ्या चेनच्या फ्राईजपर्यंत सगळ्यांना लागलं. पण त्या दिवाळीत आमचं सोयाबीन क्विंटलला ४,००० च्या आसपासच गेलं, हमीभाव ४,८९२ असताना. म्हणजे तळणारा म्हणते तेल महाग झालं, खाणारा म्हणते प्लेट महागली, अन् पिकवणाऱ्याच्या पदरात काहीच नाही. आमच्या मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफी होते, महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की तेच एक नाव येते, पण अडीचशेच्या कपातले बियांचे पैसे किती ते वर सांगितलंच आहे.

राहिला प्रश्न फ्रँचायझी घ्यावी का. घेऊ नका असं मी सरसकट म्हणत नाही, जागा स्वतःची असेल, घरचे दोन माणसं काउंटरला उभे राहणार असतील तर जमू शकते. पण सही करायच्या आधी विचारा की बोर्डवरचा भाव कोण ठरवते, कोणकोणतं सामान त्यांच्याकडूनच घ्यावं लागेल अन् ते बाजारात कितीला मिळते, अन् तुमच्यापासून किती अंतरावर ते दुसऱ्याला दुकान देणार नाहीत हे करारात लिहून मिळेल का. तोंडी सांगतात ते धरू नका, मला तोंडीच सांगितलं होतं. अन् कंपनीवाले तुम्हाला चालू दुकान दाखवायला नेतात ते हिवाळ्यात सकाळी नेतात, तेव्हा काउंटरवर हात मारायला जागा नसते. तुम्ही आपल्याच भागातल्या तालुक्याच्या गावी जा, मे महिन्यात, दुपारी बारा ते चार, पारा ४५ वर असताना. बाजूला रसवंतीवर बसा अन् त्या दुकानातून किती कप जातात ते मोजा. माझ्याकडे त्या चार तासात कधी कधी ११ कप जायचे.