महासीरसाठी प्रवासी फ्लाय रॉड निवडताना
उत्तराखंडात नेपाळ सीमेवरच्या पंचेश्वरला, काली आणि सरयू नद्यांच्या संगमावर, स्ट्रीमरने (छोट्या माशासारखे दिसणारे, गळाला बांधलेले कृत्रिम आमिष) महासीर हा नदीतला मोठा मासा धरायला जाणार असाल, तर पहिला फ्लाय रॉड, म्हणजे असे हलके आमिष फेकायची लवचिक काठी, 9 फुटी, 8 वेटचा (8 क्रमांकाच्या वजनाची दोरी पेलणारा) आणि चार तुकड्यांचा घ्यावा. एकेक तुकडा अडीच फुटांहून कमी असल्याने तो बॅगेत सहज मावतो. महागड्या, अतिताठ रॉडपेक्षा मध्यम वेगाचा (फेकताना अधिक वाकणारा आणि सावकाश सरळ होणारा), थोडा जाडसर रॉड मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण शिशाचे डोळे असलेला स्ट्रीमर फेकताना रॉडवर आपटला, की रॉडच्या ग्रॅफाइटला न दिसणारी इजा होते आणि मोठा मासा लागताच रॉड नेमका तिथेच मोडतो. माझा असाच गेला. सांधे अधूनमधून चाचपावेत, सैल वाटल्यास मेणबत्तीचे मेण चोळावे. शेंड्याचा तुकडा सुटा मिळतो का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.