इमर्जन्सीत आधी विमान, मग बाकी सगळं

अरे, सिमवर (फ्लाइट सिम्युलेटरवर) दोघं मिळून विमान उडवायला लागलात हे एकदम बेस्ट! पण तू लिहिलंयस तसं इंजिन गेलं की दोघंही स्विचेसवर तुटून पडता आणि विमान कोणीच उडवत नाही, नवीन सगळेच हे करतात. सध्या एवढंच पक्कं कर:

- एकाने फक्त उडवायचं, दुसऱ्याने चेकलिस्ट आणि रेडिओ. कंट्रोल देताघेताना मोठ्याने बोला.
- चुकीचं इंजिन बंद करणं ही नेहमीची चूक. इंजिन बंद करायच्या लिव्हरला हात लावून आधी विचारायचं, "डावंच ना?" जोडीदार नीट बघून हो म्हणेपर्यंत ओढायचा नाही, दोन सेकंद गेले तर जाऊ देत.

१ एप्रिल २००१ ची अमेरिकन नेव्हीच्या ईपी-३ या टेहळणी विमानाची केस नक्की वाच. दक्षिण चीन समुद्रावर चिनी फायटरशी टक्कर होऊन नाकाचा पुढचा भाग गेला, डावीकडचं एक प्रोपेलर डॅमेज, पायलट विमान सावरतोय आणि मागे क्रू आपापलं काम करतोय, शेवटी फ्लॅप्सशिवाय (हळू वेगात उतरता यावं म्हणून पंखांना असलेल्या झडपा न वापरता) चीनच्या हैनान बेटावर उतरले आणि २४ च्या २४ जण वाचले (चिनी पायलट मात्र गेला, फार वाईट झालं ते).

हायड्रॉलिक्स (तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा) बिघडणं वगैरे नंतर बघू. आत्ता टेकऑफनंतर एक इंजिन बंद, एवढंच आपापली कामं बदलून बदलून करा.