पत्रपेटीवरचं दुसरं नाव

तुमचा प्रश्न वाचून बाजूला ठेवला होता, पण झोप येईना म्हणून लिहायला बसलो. तुम्ही आयटीआय इलेक्ट्रिशियन, सात वर्षं कामाची, जर्मन ए-२, म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी केलेल्या करारातून यायचं घाटतंय. विचारलंय असं : ‘आता दोन्ही सरकारं एकत्र आली आहेत, तर नोकरी, प्रशिक्षण, भाषा हे सगळं तिकडे एकाच ठिकाणी बघणारं कुणी असतं का? आणि मुलाला लगेच आणू की मागाहून?’

व्हिसाचे नियम, पगार, कागदांची यादी सरकारी संकेतस्थळांवर आहे, ती मी इथे उतरवत नाही. मी याच राज्यात २०१६ पासून आहे. बायको नर्स, ती आधी आली. तिच्या मागून मी, आठ वर्षांच्या लेकीचा हात धरून. ट्रेड तुमचाच.

एकच ठिकाण? नाही हो. बेरोजगारीचा विमा भरलेला असून नोकरी गेली असेल तर आगेन्टूर फ्युअर आर्बाइट, म्हणजे केंद्राचं रोजगार कार्यालय. तो हक्क नसेल आणि हातात पैसे नसतील तर जॉबसेंटर. राहण्याच्या परवान्यासाठी परदेशी नागरिकांचं कार्यालय, ते शहराचं किंवा जिल्ह्याचं. सर्टिफिकेटची मान्यता आपल्या ट्रेडला हांडवेर्क्सकामर, म्हणजे कारागिरांचं मंडळ, देतं. भाषेच्या वर्गाचे पैसे आणखी पाचव्याच, केंद्रीय कार्यालयाकडून. एकत्र करायचा प्रयत्न यांनी केला नाही असं नाही. २००५ मध्ये केंद्राची रोजगार यंत्रणा आणि नगरपालिकांची मदत जॉबसेंटरात एकत्र आणली. २००७ मध्ये घटना न्यायालय म्हणालं, केंद्र आणि पालिका अशी सरमिसळ घटनेत बसत नाही. मग २०१० मध्ये घटनाच दुरुस्त केली. एका छताखाली दोन टेबलं मांडायला घटनादुरुस्ती! आणि जानेवारी २०२५ पासून जॉबसेंटरच्या माणसाचं प्रशिक्षण मंजूर करण्याचं काम पुन्हा आगेन्टूरकडे. सल्ला या दारात, प्रशिक्षणाचं व्हाउचर त्या दारात. माणसं वाईट नसतात, बहुतेक चांगलीच असतात. फक्त प्रत्येकाला तुमचा आपापला तुकडा दिसतो. सगळे तुकडे ज्याच्या पिशवीत असतात तो माणूस म्हणजे तुम्ही.

माझे तर दोन माणूस झाले होते. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर आपलं नाव कसं असतं? आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं. इथे शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. पासपोर्टवरून नोंद करणाऱ्या कार्यालयात मी बरोबर होतो. सर्टिफिकेटवरून नोंद करणाऱ्या एका कार्यालयात मी झालो ‘हेर’ वसंत, म्हणजे श्रीयुत वसंत. वसंत माझे वडील. इथे पत्रपेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. हेर वसंत यांना प्रशिक्षणाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, परत गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. मग अर्जदार सहकार्य करत नाही म्हणून फाइल बंद. मला हे कळलं पाच महिन्यांनी, तेही मीच चौकशीला गेलो म्हणून. टेबलापलीकडच्या बाईंनी सुचवलं, तोपर्यंत पेटीवर तेही नाव लावून ठेवा. घरी येऊन वहीचा कागद कापला, वर सेलोटेप मारली. निघण्याआधी तुम्ही एवढं करा : सर्टिफिकेट आणि पासपोर्ट दोन्हींतलं नाव एकाच माणसाचं आहे, असं प्रतिज्ञापत्र करून त्याचा शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन अनुवाद घ्या. आणि ट्रेडचा अभ्यासक्रम तासांच्या हिशेबासकट आणा. आताचा नाही, तुम्ही शिकलात त्या वर्षीचा. मार्कशीटवर नुसतं ‘ट्रेड थिअरी’ लिहिलेलं असतं, त्यावरून तुम्ही काय शिकलात ते कुणाला कळावं?

पूर्ण मान्यता बहुधा मिळणार नाही, अर्धी मिळेल. वाईट वाटून घेऊ नका (मी घेतलं, वर्षभर). मेगर लावून इन्शुलेशन बघायला आपणही शिकतो. इथे प्रत्येक मापाचा प्रोटोकॉल लिहून सही करायची असते, नाहीतर काम झालंच नाही. आणि निळी वायर! आपल्याकडे लाल-पिवळी-निळी म्हणजे तीन फेज. इथे निळी म्हणजे न्यूट्रल. पहिल्या महिन्यात हात सवयीने जातो, तेव्हा टेस्टर लावल्याशिवाय काही धरू नका. मार्च २०२४ पासून नोकरीचा करार हातात असेल तर आधी येऊन मान्यतेचं काम इथे राहून पुरं करता येतं, ए-२ त्याला चालतं. माझ्या वेळी हे नव्हतं. मी गोदामात खोकी उचलत संध्याकाळी जर्मन शिकलो.

आता मुलाचं. इथे माझं लिहिणं वाकडं होणार, सांभाळून घ्या.

लेक दहा वर्षांची असताना मी तिला कार्यालयात दुभाषी म्हणून नेत होतो. एकदा समोरचा माणूस बराच वेळ बोलला. ती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होती. मला म्हणाली, ‘बाबा, अजून एक परीक्षा द्या म्हणतात.’ मला तेव्हाही थोडंफार समजत होतं. तो म्हणाला होता, तुमचं शिक्षण इथे अपुरं आहे. तिने माझ्यासाठी वाक्य बदललं होतं. त्यानंतर मी तिला नेलं नाही, पण तोवर नेलंच होतं ना.

त्याच हिवाळ्यात तिच्या चौथीची शिफारस आली. या राज्यात चौथीनंतर मुलांच्या वाटा फुटतात, आणि कोण कुठे जाणार यावर शाळा मत देते. गणितात ती वर्गात पुढे होती. शिफारस आली सर्वांत खालच्या वाटेची, कारण घरी जर्मन बोललं जात नाही. तेव्हा ती शिफारस बंधनकारक नव्हती, २०१२ पासूनच नव्हती. मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, सही केली. आता गिमनाझियुमसाठी, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेसाठी, नियम पुन्हा कडक झालाय : शिक्षकांची शिफारस, नाहीतर राज्यभर होणाऱ्या कोंपास-४ चाचणीचा निकाल, आणि दोन्ही बाजूने नसतील तर वेगळी परीक्षा. पुढे वाटा जुळतात हे खरं. दहावी करून ती आज तांत्रिक गिमनाझियुमात बारावीला आहे. लोक म्हणतात, मग झालं की चांगलं. झालं. पण त्या कागदावरची सही माझी आहे.

तुमचा मुलगा सहा वर्षांचा असेल तर लगेच आणा. नऊचा असेल तर त्याच्या जर्मनचा वर्ग तुमच्याआधी सुरू करा. आणि कोणत्याही कार्यालयात त्याला बरोबर नेऊ नका. पैसे देऊन दुभाषी घ्या, उसने काढावे लागले तरी.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. कामाला लागलात की कमी होतो. पुढे.

नावाची दुरुस्ती २०१९ मध्ये झाली, दोन्ही फायली एक झाल्या. पेटीवरची चिठ्ठी काढायची राहून गेली. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा गेले, मला जाता आलं नाही, आणि मग ती काढवेना. इमारतीची देखभाल बघणाऱ्याने एकदा जिन्यात गाठून विचारलं, वसंत कोण, इथेच राहतात का? घाईत होतो, हो म्हणालो. आमच्याकडे कचऱ्याचा खर्च माणशी लावतात. त्या वर्षी बिल चार माणसांचं आलं. मी भरलं.