गाडी सुटण्याआधी

नाशिक

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. रात्रीच्या स्लीपर गाडीवर तू दुसरा ड्रायव्हर म्हणून लागलास, हे ऐकून बरं वाटलं. पगार वेळेवर आहे, गाडी नवी आहे, असं ती म्हणाली. मी तिला एवढंच विचारलं, की दिवसा झोपायला जागा कुठे दिली आहे? तिला ते सांगता आलं नाही. तुला मात्र ते पक्कं ठाऊक असायला हवं, म्हणून लिहायला बसलो.

नाशिकच्या औरंगाबाद रोडवरच्या मिरची हॉटेल चौकातून तू आता येत-जात राहशील. ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे पाचच्या सुमाराला यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी स्लीपर याच चौकात ट्रेलरला धडकली आणि पेटली. १२ माणसं गेली, चाळीसच्या आसपास जखमी झाली. गाडीत क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी होते. पुढच्याच वर्षी १ जुलैला, रात्री दीडच्या सुमाराला, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूर-पुणे स्लीपर उलटून पेटली. २५ जण गेले. टायर फुटला, असं चालकाने सांगितलं होतं, पण आरटीओच्या पाहणीत तसा पुरावा सापडला नाही.

दोन्ही वेळा नीट बघ. रात्री दीड आणि पहाटे पाच. मध्यरात्रीनंतर ते उजाडेपर्यंत शरीर झोप मागतंच, ड्रायव्हर कितीही कसलेला असो. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी यांनी जाग आल्यासारखं वाटतं, झोप काही भरून निघत नाही. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला, तर ६६ मीटर गाडी कोणाच्याच ताब्यात नसते, आणि मागे तीस-पस्तीस माणसं तुझ्या भरवशावर पाय पसरून झोपलेली असतात.

झोप येण्याआधी खुणा दिसतात. मागचा टोलनाका कधी गेला ते आठवत नाही. समोरच्याला डिपर द्यायला हात उशिरा जातो. गाडी पांढऱ्या पट्टीवर सरकते आणि स्टेअरिंगला झटका देऊन आत घ्यावी लागते. यातलं एक जरी झालं, तरी पुढचा पंप किंवा दिवे असलेला ढाबा गाठ, गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घे आणि जोडीदाराला उठव. तोही थकलेला असेल तर दोघांनी वीस मिनिटं झोपा. प्रवासी ओरडतील, ओरडू देत.

पण खरं सांगायचं तर झोपेचा निकाल रस्त्यावर लागत नाही, दुपारीच लागतो. दोन ड्रायव्हर आहेत, असं मालक सांगतो. ते दोघंही दिवसभर पार्सल उतरवण्यात आणि गाडी धुण्यात घालवत असतील, तर रात्री स्टेअरिंगवर एकामागून एक दोन दमलेली माणसं बसणार. चालत्या गाडीच्या डिक्कीत अंथरूण टाकून झोपणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. त्याला मी विश्रांती म्हणत नाही, आणि अपघात झाला तर त्या माणसाला बाहेर कोण काढणार? १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम सांगत होता, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा सांगत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, पण हे माप तुझ्यासाठीच आहे. शेठजवळ ते आवाज न चढवता बोलून दाखव, पण पहिल्याच आठवड्यात बोल. एकदा सवय पडली की मग तुझं कोणी ऐकत नाही.

आता दाराचं. सिंदखेडराजाला गाडी दाराच्या बाजूवर आडवी झाली. दार जमिनीकडे गेलं, आत धूर भरला. वाचलेले लोक काचा फोडून बाहेर आले. म्हणून संकटकाळी बाहेर पडायचं दार फक्त आरटीओ पासिंगच्या दिवशी उघडत असेल तर ते नसल्यातच जमा. ताब्यात आलेल्या गाडीचं ते दार पहिल्या दिवशी तू स्वतः उघड. हँडल खाली ओढ, खांद्याने रेट, पूर्ण उघडतं का बघ. पुष्कळदा ते अर्ध्यावर अडतं, कारण बाहेरून नवा रंग मारताना फट बुजलेली असते, किंवा आतून जास्तीचा बर्थ टाकलेला असतो, किंवा हँडल खडखडतं म्हणून कोणी तरी तारेने आवळून ठेवलेलं असतं. तार तोडून टाक. दारापुढे पार्सल, गाद्या, पाण्याचे बॉक्स काहीही नको. मग हातोड्या मोज. काच मधोमध मारली तर ती दाद देत नाही, कोपऱ्याजवळ टोकदार बाजूने मारायची. गाडी सुटल्यावर दिवे घालवण्याआधी क्लीनरला एक मिनिट उभं कर आणि दार कुठे, हातोडी कुठे, हे त्याच्याकडून मोठ्याने सांगून घे. विमानात हे सांगतात तेव्हा कोणाला कमीपणा वाटत नाही.

डिक्कीचंही तसंच. २४ ऑक्टोबर २०२५ ला आंध्रात कर्नूलजवळ हैदराबादहून बेंगळुरूला निघालेल्या बसखाली मोटरसायकल अडकली, फरफटत गेली आणि बस पेटली. १९ प्रवासी गेले. त्या गाडीत मोबाइल फोनचं मोठं पार्सलही होतं. बॅटऱ्या, थिनर, रंग, फटाके, शेगडीचं सिलिंडर, यातलं काहीही डिक्कीत घ्यायचं नाही. 'एकच खोकं आहे, ओळखीचं आहे,' असं म्हणून ते देतात. आत काय आहे ते उघडून दाखवलं नाही, तर खोकं नाक्यावरच राहू दे. मागाहून बसवलेले चार्जिंग पॉइंट आणि एसीच्या वायरी कुठे गरम लागतात का, यावरही हात फिरवत जा.

एसटीतल्यांना हे सगळं लागू नाही, असं समजू नकोस. २८ जानेवारी २०२० ला आपल्याच जिल्ह्यात देवळ्याजवळ मेशी फाट्याला एसटी आणि रिक्षा धडकून दोन्ही रस्त्याकडेच्या विहिरीत पडल्या, पंचवीसच्या वर माणसं गेली. जुलै २०२३ मध्ये सप्तशृंग गडाच्या घाटात एसटी दरीत गेली. घाटात उतरताना ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. कसाऱ्याला पाय सतत ब्रेकवर ठेवला की लाइनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाही. हे तुला शिकवलेलंच आहे, पण वेळापत्रक मागे पडलं की हेच आधी विसरतं. २०२७ च्या सिंहस्थात तर घाटांमध्ये रात्रंदिवस गाड्या असतील, ड्रायव्हरांवर डबल ड्युटीचा दबाव येईल. तेव्हा हे पत्र काढून वाच.

आणि काही झालंच, तर पळू नकोस. आधी गाडी बंद कर, मेन स्विच घालव, दार उघड, माणसं बाहेर काढ, मग ११२ आणि १०८. जमावाची भीती खरी आहे, ती कायद्यालाही ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये जखमींना मदत करायची जबाबदारी चालकावर टाकताना जमावाच्या रागाचा अपवाद लिहिलेला आहे. जीवावर बेतलं तर सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा. पण आत माणसं अडकलेली असताना पहिली दोन मिनिटं तुझीच असतात, कारण दार कसं उघडतं हे फक्त तुला माहीत असतं.

मुख्य गोष्ट एकच. तुझा सगळा अधिकार गाडी नाक्यावर उभी असते तेव्हाचा आहे. टायर, दार, डिक्की, जादा माणसं, तुझी झोप, या सगळ्यांना नाही म्हणता येतं ते तिथेच. चाकं फिरली की मग फक्त नशीब आणि ब्रेक उरतात. 'माझी झोप झालेली नाही, मी गाडी काढणार नाही' हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघ, म्हणजे शेठसमोर ते जिभेवर येईल. नोकरी गेली तर माझ्याकडे ये, नाशिकमध्ये चांगल्या ड्रायव्हरला काम मिळतं. ते बघायला मी आहे.

रविवारी तुझी गाडी इथे नाशिकला द्वारका चौकात लागते, असं आई म्हणाली. सुटण्याच्या तासभर आधी मला फोन कर. मी येतो, मागचं दार दोघं मिळून उघडून बघू.

तुझा,
काका