टर्बो की एनए? आधी इंजिन तपास
मित्रा, गाडीची पॉवर वाढवायला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लावू की एनए (टर्बोशिवाय, स्वतःच हवा ओढणारं इंजिन) ठेवूनच काम करू, असं विचारतोयस. टर्बोचा मोह होणारच, पण आधी कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं) कर, एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली दाखवत असेल तर आधी ते दुरुस्त कर, बाकी सगळं नंतर. मोठी पॉवर हवी तर टर्बोच, बाहेरच्या हवेचा दाब साधारण 1 बार, त्यावर 0.5 बार बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब) म्हणजे कागदावर दीडपट हवा. एनएमध्ये वाढ थोडीच, पण पाय दाबला की लगेच प्रतिसाद, मला तोच आवडतो.

नवखे इथे चुकतात:
- बूस्ट वाढवतात, ट्यून (इंधन आणि स्पार्कचं सेटिंग) जुनंच. डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज आला तर लगेच पाय काढ, ते नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटणं), त्याने पिस्टन जातो.
- ब्रेक, कूलिंगला पैसेच ठेवत नाहीत.

इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) यांचं नंतर बघू, आधी टेस्टचे आकडे सांग.