येण्याआधी प्लांटवर काम करून या

तुम्ही विचारलंय, पुण्यात आठ वर्षं बायोटेक्नॉलॉजी शिकवलंय, यजमानांची नॉर्थ कॅरोलिनाला बदली होतेय, तर इथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, शिकवायला मिळेल का? मी इथे तेच काम करते. मिळेल, पण आधी व्हिसा बघा. यजमान एल-1वर, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत बदलीच्या व्हिसावर, येत असतील तर जोडीदाराच्या एल-2वर तुम्हाला लगेच नोकरी करता येते. ते एच-1बीवर असतील तर त्यांचा आय-140, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होईपर्यंत साधारणपणे जोडीदाराच्या एच-4वर वर्क परमिट मिळत नाही. सुरुवात बहुतेक अ‍ॅडजंक्ट, म्हणजे अर्धवेळ शिक्षक म्हणून होते, कोर्सप्रमाणे पैसे. त्या जागेसाठी कॉलेज व्हिसा काढून देईल ही आशा धरू नका.

आता खरं काम. बायोजेन, नोव्हो नॉर्डिस्क अशा कंपन्यांचे प्लांट इथे आहेत आणि त्यांना हाताने काम करणारी माणसं लागतात. त्यासाठी इथल्या कम्युनिटी कॉलेजांत बायोवर्क नावाचा छोटा कोर्स चालतो. माझ्या वर्गात चाळिशीचे एक गृहस्थ होते, गोदामात रात्रपाळी करून सकाळी यायचे. मायक्रोपिपेट, म्हणजे अंगठ्याने बटण दाबून अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं साधन, कधी हातात धरलेलं नव्हतं. हजार मायक्रोलिटर पाणी तराजूवर एक ग्रॅम भरलं पाहिजे. त्यांचं कधी कमी भरायचं, कधी जास्त. अंगठा पहिल्या थांब्यावर कुठे अडतो हे बोटांना कळायला त्यांना दोन आठवडे लागले. त्या दिवशी त्यांनी आकडा मला बोलावून दाखवला.

तेवढंच महत्त्वाचं म्हणजे बॅच रेकॉर्ड, औषधाची प्रत्येक खेप बनवताना भरायची नोंद. आपल्याकडे जर्नल नीटनेटकं दिसावं म्हणून मुलं सर्रास व्हाइटनर लावतात. इथे चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण. औषध रुग्णाच्या शरीरात जाणार असतं, म्हणून ही शिस्त.

हाताने करायच्या कामाच्या याच मुद्द्यावर मी माझी पहिली मुलाखत घालवली. डेमो लेक्चरमध्ये क्रेब्ज सायकल, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा कशी मिळवते ते, मन लावून शिकवली. त्यांनी एकच विचारलं, “यात विद्यार्थी हाताने काय करणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून सांगते, निघायला वेळ असेल तर मांजरी-हडपसर किंवा हिंजवडीला लसी-औषधांच्या कंपनीत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) किंवा प्रॉडक्शनमध्ये तीन महिने तरी काढा, आणि अनुभवाचं पत्र घ्या. ट्रान्सक्रिप्टच्या (गुणपत्रकांच्या) सीलबंद प्रती तुमच्या विद्यापीठातून निघण्याआधीच घेऊन या, इथे पदवीच्या मूल्यांकनाला लागतील. डेमोचा आराखडा तयार झाला की मला पाठवा, मी नीट वाचून कळवते.