शेजारचा शेतकरी हल्ली गप्प गप्प असतो, त्याच्याशी कसं बोलायचं?

समोर बसवून "टेन्शन आहे का" विचारलंत तर "छे, मस्त चाललंय" एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा त्याच्या कामात हात घाला, तो मोटर खोलून बसला असेल तर पाना द्यायला बसा, काम चालू असताना नजरेला नजर द्यावी लागत नाही ना, मग माणूस आपोआप बोलतो. खुणा बघा, झोप उडालीय, पिणं वाढलंय, जनावरांकडे लक्ष नाही, बँकेची पाकिटं न फोडता तशीच पडलीत.

शंका आली तर सरळ विचारा, "मरायचे विचार येतात का?" विचारल्याने ते डोक्यात शिरतात हा निव्वळ गैरसमज आहे, उलट बऱ्याचदा सुटल्यासारखं वाटतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, हेल्पलाइनला फोन लावा, डॉक्टरकडे स्वतः सोबत जा, नुसतं "जाऊन ये" म्हणू नका.

आणि फवारणीचं औषध घरातून हलवा, दुसऱ्याकडे कुलपात ठेवा. हे किरकोळ वाटतं पण नाहीये, टोकाचा क्षण बऱ्याचदा थोडाच वेळ टिकतो आणि तेवढ्या वेळात बाटली हाताशी नसली तर जीव वाचतो. श्रीलंकेने 1995 पासून अतिविषारी कीटकनाशकं एकेक करून बंद केली आणि पुढच्या 20 वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण जवळपास 70 टक्क्यांनी उतरलं.

"पॉझिटिव्ह राहा" वगैरे प्लीज नको. ती पाकिटं त्याच्यासोबत बसून फोडा, एका वेळी एक.